आष्टीकरांच्या वायफायचा चोर

बंडोपंत आष्टीकरांनी चोर पकडला तो बसल्या जागी, झोपाळ्यावरून न उठता. पिपरी मेघेतल्या त्यांच्या कॉलनीत याआधी चोर सापडले नव्हते असं नाही, पण पाय न हलवता चोर पकडणारे बंडोपंत पहिलेच. सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला उशिरा येणारे, लवकर जाणारे आणि मधल्या वेळेत गायब होणारे पकडायची एक भूक असते. निवृत्त झालं म्हणून ती मरत नाही. घरात पकडायला बायकोशिवाय कोणी उरत नाही, आणि बायको सापडत नाही. म्हणून दिवाळीत मुलगा सुमीत पुण्याहून आला आणि त्याने वडिलांच्या फोनवर राउटरचं ॲप टाकून दिलं, तेव्हा बंडोपंतांना पुन्हा खुर्ची मिळाल्यासारखं झालं. घरातल्या वायफायवर या घडीला कोण कोण आहे, ते त्या ॲपमध्ये नावानिशी दिसायचं. रोज संध्याकाळी चहा झाला की ते हजेरी घ्यायला बसायचे.

हजेरीला असायचं तरी कोण. त्यांचा स्वतःचा फोन, पद्माबाईंचा फोन आणि हॉलमधला टीव्ही. त्या संध्याकाळी मात्र आणखी एक नाव निघालं, इंग्रजीत, ठळक अक्षरांत: माधवी.

माधवी म्हणजे शेजारच्या हरिदास थुलांची मुलगी. इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. हरिदास थूल बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, आणि दोन्ही घरांच्या मधे एकच कंपाउंडची भिंत. बंडोपंतांच्या तोंडून थुलांबद्दल आजवर कधी वावगा शब्द गेला नव्हता. ते फक्त त्यांच्या फाटकाच्या आत कधी गेले नव्हते. बुद्धपौर्णिमेला पंचफुलाबाई थूल खीर घेऊन यायच्या, ती ते फाटकातच हसतमुखाने घ्यायचे आणि ‘मला गोड चालत नाही’ म्हणून कामवाल्या शोभाबाईला देऊन टाकायचे. त्याच आठवड्यात कोणाच्या तरी सत्यनारायणाला बसून शिरा दोनदा मागून खायचे. पद्माबाईंनी हे पाहिलं होतं, आणि पुढच्या वर्षीपासून त्या स्वतःपुरती वाटीभर खीर आधीच काढून ठेवायला लागल्या होत्या.

तर यादीत माधवीचं नाव दिसलं आणि बंडोपंतांना मनापासून आनंद झाला. राग यायला हवा होता, पण आनंदच झाला. इतकी वर्षं या घराचं काहीतरी हाती लागावं असं आतून वाटत होतं आणि लागत नव्हतं, ते आज लागलं. त्यांनी त्या नावापुढचं लाल बटण दाबलं. हे यंत्र वायफायला जोडलेलं राहील पण त्याला इंटरनेट मिळणार नाही, असं ॲपने कळवलं. ही शिक्षा त्यांना फार पसंत पडली. मग त्यांना वाटलं, पोरगी कॉम्प्युटरवाली आहे, आत शिरून बटण पुन्हा फिरवेल. म्हणून त्यांनी ॲपचा पासवर्डही बदलला, चांगला लांबलचक, कोणाच्या बापाला सुचणार नाही असा. तो कुठे लिहून ठेवला नाही, कारण लिहिलेलं बाहेर फुटतं हे त्यांनी नोकरीत पाहिलं होतं.

यानंतर त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे मोर्चा वळवला. ग्रुपचं नाव ‘कुटुंबप्रमुख’, आणि नावाप्रमाणे त्यात एकही बाई नव्हती. बंडोपंतांनी लिहिलं:

‘सर्व सभासदांस नम्र सूचना. आमच्या घरगुती वायफायचा परस्पर वापर करणारी व्यक्ती पुराव्यासह आढळून आली आहे. कोणाचे नाव घेत नाही. तथापि सगळेच सवलतीत मिळावे ही सवय काहींच्या अंगवळणी पडली आहे, याचे वाईट वाटते. संबंधिताने उद्या सायंकाळपर्यंत पुढे यावे, अन्यथा नाव जाहीर करण्यात येईल.’

‘सवलतीत’ हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. शब्द जागेवर बसला होता. ज्याला लागायचा त्याला लागणार होता, आणि उद्या कोणी जाब विचारलाच तर ‘मी कोणाला काय म्हटलं’ असं म्हणायची सोय होती. असं लिहिणारी माणसं स्वतःला सभ्य समजतात आणि त्यांना झोपही छान लागते. सोबत पुरावा म्हणून त्यांनी ॲपचा फोटो जोडला. नाव झाकायला म्हणून त्यावर फोनमधल्या पेनाने जाड पिवळा पट्टा ओढला, चष्मा न लावता एकदा बघितलं आणि पाठवून दिला.

ग्रुपवर खळबळ उडाली. ‘अशा प्रवृत्तींना ठेचले पाहिजे’ वगैरे आलं. हरिदास थुलांनी एवढंच लिहिलं, ‘नाव जाहीर करा. वाट पाहतो.’ बंडोपंतांना या माणसाच्या धीटपणाचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पद्माबाईंचा पाठ होता.

पद्माबाईंनी सगळा जन्म शाळेत मराठी शिकवलं. त्यात खिचडीचा हिशेब झाला का, मतदार याद्या झाल्या का, जनगणना झाली का, हे त्यांना सगळ्यांनी विचारलं. तुम्ही शिकवता कशा, हे मात्र कोणी विचारलं नाही. निवृत्तीनंतर परदेशातल्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या एका संस्थेची माहिती त्यांना मिळाली. त्यांनी अर्ज केला, मुलाखत दिली, आणि आता शेवटचं एक राहिलं होतं: खऱ्या मुलांसमोर, संस्थेच्या लोकांसमोर एक ऑनलाइन पाठ. पाठ आवडला तर काम त्यांचं. वेळ चुकली तर पुढचा उमेदवार तयारच होता, हे संस्थेने स्पष्ट कळवलं होतं. लॅपटॉप हवा, मोबाईलवरून चालणार नाही, हेही कळवलं होतं. पद्माबाईंनी आठवडाभर चित्रं जमवली होती, शब्द निवडले होते, आरशासमोर उभं राहून बोलून पाहिलं होतं. इतकं मनापासून त्यांना बऱ्याच वर्षांत काही हवंसं वाटलं नव्हतं.

बंडोपंतांना यात गंमत वाटायची. ‘परदेशातल्या पोरांना अननस-आंबा शिकवणार म्हणे,’ ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. लॅपटॉप कुठून आणला, हे त्यांनी एकदा विचारलं होतं. ‘मैत्रिणीने दिला’ एवढं उत्तर त्यांना पुरलं, कारण बायकोच्या मैत्रिणींत त्यांना रस नव्हता. आठवडाभर पद्माबाई त्याच्यावर नेटशिवायच तयारी करत होत्या. आदल्या दुपारी त्यांनी पहिल्यांदा तो घरच्या वायफायला जोडला, आवाज येतो का, चेहरा दिसतो का ते पाहिलं, आणि निश्चिंत झाल्या.

आज जेवणं उरकून त्यांनी लॅपटॉप उघडला, आणि नवऱ्याला हाक मारली.

‘अहो, वायफाय जोडलंय म्हणतंय, पण इंटरनेट नाही म्हणतंय.’

बंडोपंत उठले. हात पाठीमागे बांधून ते लॅपटॉपपाशी आले आणि साहेब तपासणीला येतात तसे त्याच्याकडे बघत उभे राहिले. ‘तुझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं असेल,’ ते म्हणाले.

‘मी आत्ता उघडलाय.’

‘मग बंद करून चालू कर.’

बंद करून चालू केला. इंटरनेट नाही. मग राउटर बंद करून चालू केला. मग बंडोपंतांनी राउटरला दिवाणखान्यातून उचलून फ्रिजवर ठेवलं, फ्रिजवरून कपाटावर, कपाटावरून खिडकीत, आणि प्रत्येक ठिकाणी ‘आता बघ’ म्हणाले. खिडकीत ठेवताना पडद्याचा दांडा खाली आला. मधेच त्यांनी पद्माबाईंना समजावून सांगितलं की वायफाय म्हणजे नळ आणि इंटरनेट म्हणजे पाणी, आपला नळ उत्तम आहे, तेव्हा दोष पाण्याचा आहे. पद्माबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

एवढ्यात फाटक वाजलं आणि नत्थूजी आले. हे आर्वीच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेले, रोज दुपारी कॉलनीत एक फेरी मारायचे आणि जिथे काही चाललं असेल तिथे बसायचे. आज ते चोराचं नाव पंतांच्या तोंडून ऐकायला आले होते, पण इथे लॅपटॉपभोवती गर्दी बघून खुर्ची ओढून बसले.

‘काय झालं जी वहिनी?’

‘नेट नाही. चार वाजता माझा पाठ आहे.’

‘वांदरं पाहा बरं गच्चीवर,’ नत्थूजी म्हणाले. ‘माह्या भाच्याकडं वांदरायनं वायरच तोडली होती. चार दिवस पोट्टं बोंबलत होतं.’

बंडोपंत गच्चीवर जाऊन आले. वायर शाबूत होती, माकडंही नव्हती. खाली येईपर्यंत नत्थूजींना आणखी एक शंका आली होती. ‘पण पंत, तुमच्या फोनवर तं चालून राह्यलं ना? टीव्ही बी चालून राह्यला. मग वायरीचा काय दोष?’

हा मुद्दा बंडोपंतांच्या लक्षात आला नव्हता, म्हणून त्यांना तो आवडला नाही. त्यांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकून झाल्यावर एक मुलगी आली, तिने तपासून सांगितलं, इकडून लाइन ठीक आहे सर. बंडोपंतांनी तिला आपण अधीक्षक होतो हे सांगितलं. ती ‘ओके सर’ म्हणाली आणि लाइन तरीही ठीकच राहिली.

‘लॅपटॉपच भंगार आहे,’ बंडोपंतांनी निकाल दिला. ‘फुकट मिळालेल्या वस्तूचं असंच असतं.’

‘काल तर चालत होता,’ पद्माबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. ‘तुमच्या फोनचं नेट देता येईल का याला?’

ते देता येणार नव्हतं. घरात वायफाय असताना फोनवर नेटचा पॅक मारणं म्हणजे उधळपट्टी, असं ठरवून बंडोपंतांनी दोघांचे फोन नुसते बोलण्यापुरते ठेवले होते. त्यांनी ही आपली दूरदृष्टी नत्थूजींना अनेकदा ऐकवली होती. आज नत्थूजींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

‘सुमीतला लावा,’ पद्माबाई म्हणाल्या.

मुलाला विचारायचं बंडोपंतांच्या जिवावर आलं, पण लावला. सुमीत ऑफिसात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘बाबा, सगळ्यांवर चालतंय आणि एकट्या लॅपटॉपवर नाही, म्हणजे तो एकटाच ब्लॉक झालाय. तुम्ही त्या ॲपमध्ये काही दाबलंत का?’

‘मी कशाला काही दाबू?’ बंडोपंत म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना लाल बटण आठवलं. पण ते तर चोरासाठी होतं.

‘बरं, लॅपटॉपचं नाव बघा. सेटिंगमध्ये अगदी वर असतं. त्याच नावाने तो ॲपमध्ये दिसतो.’

बंडोपंतांनी चष्मा लावला, वाकले आणि सुमीत सांगेल तसं दाबत गेले. पडद्यावर वरच्या बाजूला ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: माधवी.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माधवीच.

‘दिसलं का बाबा?’

‘नाही. काही दिसत नाही इथे,’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. लॅपटॉपचा पडदाही हलकेच भिंतीकडे वळवला.

‘पद्मा, हा लॅपटॉप कोणत्या मैत्रिणीचा म्हणालीस?’

‘माधवीचा. तिने नवा घेतला, हा मला दिला. साफ करून, मराठी टाइप करायची सोय करून दिला.’ पद्माबाईंनी त्यांच्याकडे सरळ बघितलं. ‘आधी सांगितलं असतं तर घरात येऊ दिला असता का तुम्ही?’

नत्थूजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तोंडावर धरला. त्यांना ठसका लागल्यासारखं वाटत होतं. बंडोपंतांना वाटलं, ठसकाच असेल.

‘आलोच,’ म्हणून बंडोपंत फोन घेऊन बाथरूममध्ये शिरले आणि कडी लावली. आता करायचं ते सोपं होतं. एक बटण दाबायचं, बाहेर यायचं, ‘झालं बघ सुरू’ म्हणायचं आणि वर शाबासकी घ्यायची. चोराचं काय करायचं ते नंतर बघता आलं असतं. त्यांनी ॲप उघडलं. ॲपने पासवर्ड मागितला.

काल संध्याकाळचा पासवर्ड. लांबलचक, कोणाच्या बापाला सुचणार नाही असा. तो आता बंडोपंतांनाही सुचेना. त्यांनी निवृत्तीची तारीख घातली. चुकलं. नोकरीतली पहिली नेमणूक समुद्रपूरची, ते घातलं. चुकलं. लग्नाची तारीख घातली असती, पण ती नक्की आठवेना. सुमीतच्या जन्माची घातली, तीही चुकली, आणि मग ॲपने त्यांना कळवलं की चुकीचे प्रयत्न फार झाले, थोड्या वेळाने या. बंडोपंत बादलीच्या काठावर टेकले. त्यांना दरदरून घाम फुटला होता.

बाहेर जाऊन खरं सांगायला अजून वेळ होता. पद्मा, मीच बंद केलंय, सुमीतला पुन्हा फोन लाव, तो मार्ग काढेल. एवढंच. पण एवढ्यावर ते थांबणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं. का बंद केलं हे सांगावं लागलं असतं. मग ग्रुपवरचं लिहिणं आलं असतं, आणि मग ‘सवलतीत’ हा शब्द बायकोच्या तोंडून ऐकावा लागला असता. बंडोपंत भ्याले. बायकोचा पाठ बुडण्याची भीती त्यांना नव्हती असं नाही, पण ती दुसऱ्या नंबरची होती.

दारावर थाप पडली. ‘अहो, मी माधवीकडे जातेय लॅपटॉप घेऊन. त्यांच्याकडे नेट आहे.’

बंडोपंत तिरासारखे बाहेर आले. ‘तिकडे नको.’

‘का?’

‘त्यांना कशाला त्रास,’ ते म्हणाले.

पद्माबाईंनी त्यांच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं, आणि लॅपटॉप छातीशी धरून निघाल्या. नत्थूजींनी पुढे होऊन त्यांना फाटक उघडून दिलं. ‘जा वहिनी, लवकर जा, टाइम नाई आता,’ ते म्हणाले. स्वतः मात्र फाटकाशीच थांबले. असा दिवस कॉलनीत रोज उगवत नाही हे त्यांना समजत होतं.

बंडोपंत झोपाळ्यावर बसून डोकं खाजवत राहिले. बऱ्याच वेळाने भिंतीवरच्या निरोपसमारंभाच्या फोटोकडे लक्ष गेलं आणि त्यांना पासवर्ड आठवला. कचेरीने त्यांना जे मानपत्र दिलं होतं त्यातले शब्द त्यांनी घातले होते: ‘निष्कलंकसेवा’. ॲप उघडलं. त्यांनी माधवीच्या नावापुढचं लाल बटण फिरवलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आता काही झालंच नव्हतं. कंपनीकडून बिघाड होता, तो दुरुस्त झाला. पद्माला लगेच घरी बोलवावं, म्हणजे तिकडे विषय निघायला नको, असा विचार करून त्यांनी चपला घातल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा थुलांच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं.

‘या पंत, बसा,’ हरिदास दारातच भेटले. ‘आवाज नका करू फक्त. वर्ग सुरू हाये.’

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून पद्माबाईंचा आवाज येत होता. ‘तुझ्या खिडकीतून काय दिसतं, सांग. बर्फ? मग बर्फ कसा आहे? पांढरा. आणखी? गार. माझ्या खिडकीतून काय दिसतं सांगू?’ आणि मग कुठल्या तरी लांबच्या देशातली मुलं एकदम खळखळून हसली. पद्माबाईही हसल्या. बंडोपंतांनी बायकोला शिकवताना कधी ऐकलंच नव्हतं. हा आवाज त्यांच्या घरात कधी आला नव्हता, आणि का आला नव्हता हे कळण्याइतके ते मठ्ठ नव्हते. त्यांना वाईट वाटलं. पण ते ज्या कामाला आले होते तेही विसरले नाहीत.

‘आमचं नेट सुरू झालं,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘तेच सांगायला आलो. कंपनीकडून काहीतरी बिघाड होता.’

‘कंपनीकडून,’ हरिदास म्हणाले. त्यांनी टीपॉयवरचा आपला फोन उचलला, ग्रुपवरचा तो फोटो उघडला, बोटांनी मोठा केला आणि बंडोपंतांच्या समोर धरला. ‘पिवळा रंग लावला तुम्ही, पंत. पिवळ्या रंगातून अक्षर वाचता येते. पोरं पुस्तकात लावते, ते वाचासाठीच लावते.’

बंडोपंतांनी चष्मा लावून बघितलं. पिवळ्या पट्ट्यात ‘माधवी’ हे नाव उठून दिसत होतं, पट्टा नसता तर इतकं दिसलं नसतं.

‘अख्ख्या कॉलनीनं वाचलं,’ हरिदास म्हणाले. आवाज त्यांनी चढवला नाही. ‘माही पोरगी काल जेवली नाई. म्हणे, बाबा, मीच लॅपटॉप दिला अन् मीच चोर झाली. मी म्हटलं, आत्ता जातो अन् विचारतो. तिनं अडवलं मले. काकूचा उद्या पाठ हाये म्हणे, आज त्यायच्या घरात भांडण नको. आज पाठ होऊ द्या.’

‘त्याचं असं झालं,’ बंडोपंत म्हणाले, ‘की थोडा गैरसमज...’

‘तो तुमाले झाला. आमाले काहीच गैरसमज नाई. सवलत म्हणजे काय, ते आमाले बरोबर समजलं.’

बंडोपंत सोफ्यावर टेकले.

आतून टाळ्या ऐकू आल्या. थोड्या वेळाने दार उघडलं आणि पद्माबाई बाहेर आल्या, मागोमाग माधवी. पद्माबाईंचे गाल लाल झाले होते. ‘घेतलं मला,’ त्या म्हणाल्या. ‘सोमवारपासून या म्हणाले.’ मग त्यांना नवरा दिसला. इथे, या घरात, सोफ्याच्या टोकावर. बंडोपंतांचा चेहरा बघून त्यांचं हसणं थांबलं.

‘नेट सुरू झालंय,’ बंडोपंत घाईने उठत म्हणाले. ‘चल घरी.’

पद्माबाई हलल्या नाहीत. हरिदासांच्या हातातला फोन अजून उघडा होता. पद्माबाईंनी हात पुढे केला, आणि हरिदासांनी क्षणभर विचार करून तो दिला. त्यांनी आधी फोटो बघितला. माधवीच्या नावापुढे ‘ब्लॉक’ असंही त्यात दिसत होतं. मग वरचा मजकूर वाचला, उत्तरपत्रिका तपासावी तसा, शब्दाशब्दावर थांबत. ‘सवलतीत’ पाशी त्या जास्त वेळ थांबल्या. माधवी खाली बघत उभी होती.

‘हे तुम्ही लिहिलंत,’ पद्माबाई म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

‘मी कोणाचं नाव...’

‘हरिदासभाऊ, या ग्रुपमध्ये मला घेता येईल?’

‘त्यात फक्त कुटुंबप्रमुख आहेत,’ बंडोपंतांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

‘मी ॲडमिन हाव,’ हरिदास म्हणाले आणि त्यांनी पद्माबाईंना ग्रुपमध्ये घेतलं. पद्माबाईंनी आपला फोन काढला. थुलांच्या वायफायचा पासवर्ड त्यांनी माधवीला विचारला, माधवीने सांगितला, आणि त्या थुलांच्या सोफ्यावर बसून लिहायला लागल्या. शाळेत शुद्धलेखन घालायच्या तसं प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणत होत्या.

‘सर्वांना नमस्कार. मी पद्मा आष्टीकर. काल माझ्या यजमानांनी पकडलेला चोर मी आहे. माधवी थूल हिने मला आपला लॅपटॉप दिला, तो मी माझ्याच घरातल्या वायफायला जोडला. या सगळ्या प्रकरणात फुकट मिळालेली वस्तू एकच आहे आणि ती आमच्या घरी आली आहे. आज आमचं नेट त्यांनीच बंद करून ठेवलं होतं, म्हणून माझा पाठ मी थुलांच्या घरातून घेतला. पुढचेही इथूनच घेईन, माधवीची हरकत नसेल तर.’

‘नाही काकू,’ माधवी म्हणाली.

‘यजमानांनी माधवीची माफी मागायची आहे. ते इथे समोर बसले आहेत. मागितली की कळवते.’

त्यांनी पाठवून दिलं आणि फोन टीपॉयवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. बंडोपंतांनी दाराकडे बघितलं. बाहेर फाटकाला रेलून नत्थूजी उभे होते आणि त्यांच्याही हातात फोन होता. बंडोपंत पुन्हा बसले. त्यांनी घसा खाकरला. डोक्यात ‘तथापि’ आलं, ‘अनवधानाने’ आलं, ‘दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे’ असं अख्खं वाक्य आलं, पण समोर माधवी उभी होती आणि तिला ‘येत आहे’ म्हणता येईना. ‘चुकलं’ हा साधा शब्द त्यांनी नोकरीत आणि घरात इतरांच्या तोंडून पुष्कळ ऐकला होता. स्वतःच्या तोंडाला त्याची सवयच नव्हती.

टीपॉयवरचा फोन वाजला. नत्थूजींचा मेसेज होता. ‘मागतली काय जी?’

पद्माबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग फोन उचलला.

‘अजून नाही,’ त्यांनी लिहिलं. ‘आम्ही बसलो आहोत.’